हॅमस्टर गज कुरतडतोय, पळायला बघतोय? आधी त्याचं घर बदला, मग कडी घट्ट करा

घरातले दिवे मालवले की पिंजऱ्याच्या कोपऱ्यातून कर्रर्र कर्रर्र सुरू होतं आणि पहाटेपर्यंत थांबत नाही. एखाद्या सकाळी आवाज नसतो, कारण पिंजराच रिकामा असतो. ठाण्यात आणि नवी मुंबईत हॅमस्टर पाळणाऱ्या बऱ्याच घरांमध्ये हे दोन्ही प्रकार एकामागोमाग घडतात. दुकानात विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: ‘दात वाढतात म्हणून चावतो, चालायचंच.’

हे अर्धंच खरं आहे. हॅमस्टरचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, पण ते झिजवायला लाकूड, कडक दाणे आणि सालं पुरतात. लोखंडी गज चावून दात नीट झिजत नाहीत. ते वाकडे होतात, तुटतात आणि नाकावरची लव जाऊन कातडी सोलवटते. गज चावणं आणि पळायला बघणं ही एकच तक्रार आहे: ‘ही जागा मला पुरत नाही.’ म्हणून गजांना तिखट किंवा कडुनिंबाचं तेल लावणं, पिंजऱ्यावर टिचक्या मारणं, तोंडावर पाणी उडवणं हे सगळं आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. तिखटाने त्या जिवाचे डोळे आणि नाक जळतं, आणि जागा तेवढीच राहते.

त्याचं मूळ घर कसं असतं

आपल्याकडे सर्वांत जास्त विकला जातो तो सीरियन हॅमस्टर. लांब केसांचा असेल तर दुकानदार त्याला टेडी बेअर म्हणतात. तो मूळचा सीरियातल्या अलेप्पोच्या परिसरातला आणि त्याला लागून असलेल्या दक्षिण तुर्कस्तानातला. १९३० मध्ये प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहारोनी यांनी अलेप्पोजवळ एक मादी आणि तिची पिल्लं पकडून जेरुसलेमला नेली. तिथे लाकडी तळाचा पिंजरा कुरतडून त्यांतली काही पळाली. जी उरली, त्यांच्यापासून आज घरोघरी असलेले बहुतेक सीरियन हॅमस्टर आले आहेत.

रानातल्या या हॅमस्टरची बिळं मोजली गेली आहेत. ती ३६ ते १०६ सेंमी खोल असतात आणि एका बिळात एकच मोठा प्राणी राहतो. आता दुकानातला तो निळा-गुलाबी, दीड फूट बाय एक फूट पिंजरा आणि त्यातला बोटभर भुसा आठवून बघा.

स्वित्झर्लंडच्या बर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी यावर दोन नेमके प्रयोग केले. २००६ च्या अभ्यासात काही हॅमस्टर १० सेंमी, काही ४० सेंमी आणि काही ८० सेंमी खोल भुशात ठेवले. उथळ भुशातले हॅमस्टर गज खूप जास्त चावत होते आणि चाकावरही जास्त धावत होते. पुढच्या वर्षीच्या अभ्यासात पिंजऱ्याचा तळ १,८०० ते १०,००० चौरस सेंमी असा बदलून पाहिला. चावणं सगळ्याच आकारांत दिसलं, पण छोट्या पिंजऱ्यात ते जास्त वेळा आणि जास्त वेळ चाललं. म्हणजे मोठी जागा हवीच, पण उकरायला खोली मिळाली नाही तर नुसत्या मोठ्या जागेने भागत नाही.

सुरुवात तपासणीने

घर बदलण्याआधी प्राणी हातात घ्या. संध्याकाळी तो आपणहून उठल्यावर, जमिनीवर बसून, मांडीवर टॉवेल घेऊन. दात सरळ आहेत का, वरचे-खालचे एकमेकांना भिडतात का, हनुवटी लाळेने ओली आहे का, नाकावर टक्कल किंवा जखम आहे का ते पाहा. पुढचे दात पिवळसर-नारिंगी असणं नेहमीचं आहे, त्याला घाबरू नका. शेपटीखालचा भाग ओला आणि घाण असेल, प्राणी मलूल असेल तर बाकी सगळं सोडून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. जुलाबाने हॅमस्टर फार लवकर खचतो.

एकाच पिंजऱ्यात दोन आहेत का? ‘जोडी घ्या, नाहीतर एकटा पडेल’ असं सांगून दुकानात दोन दिले जातात. सीरियन हॅमस्टर मोठा झाला की त्याला शेजारी नको असतो. अशा पिंजऱ्यात गज चावणारा प्राणी बहुतेकदा मार खाणारा असतो आणि तो दुसऱ्यापासून पळायला बघत असतो. आजच्या आज दोघांना वेगळं करा. नर-मादी असतील तर अजूनच घाई करा, कारण सीरियन मादीची गर्भावस्था जेमतेम १६ दिवसांची असते.

एकटी मादी दर चार दिवसांनी एखाद्या संध्याकाळी फार अस्वस्थ होते, चकरा मारते, गजांना लटकते. ते तिचं माजाचं चक्र आहे. चावणं त्याच तालात येत-जात असेल तर तो आजार नाही, पण त्या रात्री कडी दोनदा तपासा.

मग काही रात्री नुसतं बघा. तो नेमका कुठे चावतो आणि कधी? दाराजवळच, आणि तुम्ही खोलीत आल्यावरच चावत असेल तर ही सवय बहुधा माणसांनी लावली आहे: चावलं की कोणीतरी उठतं, दाणा देतं, बाहेर काढतं. चावत असताना काहीही द्यायचं नाही आणि रागवायचंही नाही. तो थांबून दुसरीकडे वळला की मग द्या. घरात आजी-आजोबा किंवा मुलं असतील तर त्यांनाही हे समजावून सांगा. एकाने पाळलं आणि दुसऱ्याने गुपचूप शेंगदाणा दिला तर उपयोग होत नाही.

तो सगळ्या कोपऱ्यांत आणि रात्रभर चावत असेल तर मात्र जागेचाच प्रश्न आहे.

मोठं घर: इथल्या बाजारात काय मिळतं

जर्मनीतली प्राणिकल्याणासाठी काम करणारी पशुवैद्यांची संघटना एका हॅमस्टरसाठी किमान १०० बाय ५० सेंमी तळ आणि ५० सेंमी उंची सांगते. एवढा तयार पिंजरा आपल्याकडच्या दुकानांत सहसा मिळत नाही, आणि मिळाला तर महाग पडतो. माझ्या मते सर्वांत चांगला मार्ग म्हणजे मासे विकणाऱ्या दुकानातून काचेची टाकी बनवून घेणं. चार फूट लांब, पावणेदोन फूट रुंद, पावणेदोन फूट उंच असं सांगा. पाणी भरायचं नाही हे आवर्जून सांगा, म्हणजे पातळ काच चालते आणि खर्च कमी होतो. काचेला गजच नसतात, त्यामुळे चावण्याचा प्रश्न मुळातच संपतो. वापरलेल्या, किंचित गळक्या टाक्याही आपल्या कामाला उत्तम.

झाकण काचेचं नको, हवा कोंडते. सरकत्या खिडक्या बनवणारा अ‍ॅल्युमिनियमवाला प्रत्येक नाक्यावर असतो. त्याच्याकडून टाकीच्या मापाची चौकट करून घ्या आणि त्यात स्टीलची बारीक जाळी बसवा. डासांची नायलॉन जाळी चालणार नाही, ती एका रात्रीत फाटते. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी स्वस्त असते, पण तो मुलामा पोटात जाणं वाईट, म्हणून ती तोंड पोहोचेल अशा जागी वापरू नका.

बजेट कमी असेल तर मोठा पारदर्शक प्लास्टिकचा डबा घ्या. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात किंवा तुर्भ्याच्या आयकियात मोठे डबे बघायला मिळतील. झाकणात मोठी खिडकी कापून जाळी नट-बोल्ट आणि वॉशरने बसवा. गुळगुळीत सपाट भिंत हॅमस्टरला चावता येत नाही, पण कापलेली कड दिसली की तो तिथूनच सुरुवात करतो. म्हणून कापलेली प्रत्येक कड त्याच्या तोंडाला लागणार नाही अशी झाका.

खोल भुसा, आणि पावसाळा

टाकीच्या निदान अर्ध्या भागात २५ ते ३० सेंमी भुसा भरा, जमलं तर जास्त. कागदाचं बेडिंग, अ‍ॅस्पेन लाकडाचा भुसा, मधे सुक्या गवताचा थर आणि छपाई नसलेला फाडलेला टिश्यू असं मिश्रण बिळाला चांगलं धरतं. प्रत्येक थर हाताने दाबत भरा. नुसता भुरभुरीत ढीग केला तर बीळ कोसळतं आणि तो उकरणं सोडून देतो. सुताराकडचा फुकटचा भुसा आणू नका: त्यात प्लायवूडचा डिंक आणि बारीक धूळ असते. देवदार आणि पाइनचा वासाचा भुसाही नको. दुकानात ‘हॅमस्टरची गादी’ म्हणून मिळणारा कापूस तर अजिबात नको, त्याचे धागे पायाला गुंडाळतात आणि पोटात अडकतात.

जड मडकं, चाक, लाकडी घर हे भुशावर तरंगत ठेवू नका. खाली बीळ पोखरलं की ते प्राण्यावर बसतं. जड वस्तू तळावर टेकवा किंवा चार लाकडी पायांवर उभ्या करा.

जून ते सप्टेंबर आपल्याकडे सगळंच ओलं. भुशाला कुबट वास येतो, ओल्या कोपऱ्यात बुरशी धरते. लोक वैतागून सगळा भुसा एकदम फेकतात आणि त्या रात्री हॅमस्टर वेड्यासारखा गजांवर चढतो. कारण त्याचा स्वतःचा वास, साठवलेले दाणे, बीळ, सगळं एका झटक्यात गेलेलं असतं. लघवीचा कोपरा रोज किंवा एक दिवसाआड चमच्याने काढा. बाकी भुसा एका वेळी जास्तीत जास्त एक तृतीयांश बदला आणि कोरडा जुना भुसा वर पसरून ठेवा. ताज्या भाजीचे तुकडे सकाळी शोधून काढा, पावसात ते दुपारपर्यंत नासतात.

चाक

सीरियनला सुमारे २८ सेंमी व्यासाचं, ड्वार्फ म्हणजे छोट्या चणीच्या हॅमस्टरला सुमारे २० सेंमीचं. कसोटी सोपी आहे: धावताना पाठ सरळ दिसली पाहिजे. पिंजऱ्यासोबत मिळणाऱ्या छोट्या चाकात त्याची पाठ धनुष्यासारखी वाकते, म्हणून तो चाक सोडून गजांकडे वळतो. धावायची पट्टी सलग हवी, तारांच्या दांड्यांत पाय अडकून मोडतात. चाक करकरलं तर आसाला थेंबभर खोबरेल तेल लावा. आणि चाक टाकीच्या उथळ भुशाच्या बाजूला ठेवा, नाहीतर तेच झाकणापर्यंत चढायची शिडी होते.

तोंडाला आणि नाकाला काम

वाटीत दाणे घालणं बंद करा. बाजरी, ज्वारी, राळे, ओट्स, थोडं जवस, चार भोपळ्याच्या बिया असं रोजचं मिश्रण भुशावर विखरून टाका. रानात हॅमस्टर रात्रभर दाणे शोधून गालात भरून घरी नेतो. तेच काम त्याला मिळालं की चावायला वेळ उरत नाही. गावाहून कोणी येणार असेल तर बाजरीची अख्खी कणसं मागवा. एक कणीस भुशात उभं खोवा आणि दिवे मंद करून बघा. आधी मागच्या पायांवर उभा राहून तो ते वाकवतो, मग दोन्ही हातांनी धरून दाणा दाणा सोलतो. गाल खांद्यापर्यंत फुगले की बिळात जाऊन रिकामे करतो आणि पुन्हा येतो. ज्या कोपऱ्यात तो रोज गज चावतो, तिथून हाताच्या अंतरावर हे कणीस ठेवलं की फरक लगेच कळतो.

कुरतडायला पेरूच्या किंवा सफरचंदाच्या फांद्या द्या. फवारणी न झालेल्या झाडाच्या घ्या, धुऊन उन्हात कडकडीत वाळवा. करवंटीला दार पाडून कडा घासून घेतल्या की घरही होतं आणि चावायची वस्तूही. वाळलेल्या घोसाळ्याची जाळी, साधा पुठ्ठा, टिश्यूच्या रोलची नळी हेही चालतं. लिंबू-संत्र्याच्या फांद्या आणि रंगवलेलं लाकूड टाळा.

एका कोपऱ्यात पसरट भांड्यात वाळू ठेवा. ती चाळून, धुऊन, कढईत भाजून, थंड करून मगच द्या. पावडरसारखी बारीक धूळ नको, ती श्वासात जाते.

एप्रिल-मे

आपला उन्हाळा हॅमस्टरसाठी धोक्याचा आहे. त्याला साधारण २० ते २४ अंश मानवतं, ३० च्या वर गेलं की त्याची काळजी घ्यावी लागते. त्याला घाम येत नाही. दुपारी भुशाबाहेर पसरून पडला असेल किंवा हवेशीर जाळीला तोंड लावून असेल तर तो पळत नाहीये, त्याला उकडतंय. टाकी पश्चिमेच्या खिडकीपाशी किंवा बाल्कनीत ठेवू नका. मार्बलवाल्याकडून कडप्प्याचा छोटा तुकडा आणून टाकीत ठेवा. मातीचं मडकं आडवं ठेवलं की आत गारवा राहतो. वीज गेली तर गोठवलेली पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून टाकीला बाहेरून टेकवा. पंखा किंवा एसीचा झोत थेट अंगावर नको. प्राणी हाताळल्यावर सुस्त वाटला, धापा टाकत असेल, तर थंड खोलीत न्या, कान आणि पाय साध्या पाण्याने ओलसर करा आणि डॉक्टरांना फोन लावा. बर्फाचं पाणी ओतू नका.

आता कडी

नवं घर तयार होईपर्यंत जुना पिंजरा वापरावा लागेल. तो संध्याकाळी, हॅमस्टर उठण्याआधी, असा तपासा. वर सरकणारं दार तो नाकाने उचलतो, म्हणून प्रत्येक दाराला स्टीलची बाइंडर क्लिप लावा. प्लास्टिकच्या केबल टायची गाठ आत ठेवलीत तर ती चघळली जाते. तळाचा ट्रे आणि गजांची चौकट जिथे जुळते तिथे चारही बाजूंनी बोट फिरवा. नळ्यांचे जोड, पाण्याच्या बाटलीचं भोक आणि छताचा हुक या तीन जागा लोक हमखास विसरतात.

गजांमधली फट मोजायला साधी पेन्सिल घ्या. पेन्सिल आरपार गेली तर ड्वार्फसाठी ती फट मोठी आहे. सीरियनला एक सेंमीपर्यंत चालते, पण पिल्लू असेल तर नाही. डोकं शिरलं की पाठोपाठ अंग शिरतं.

नव्या टाकीत हलवताना जुन्या भुशातला कोरडा, वासाचा भाग आणि त्याचं जुनं घरटं तसंच्या तसं न्या. सुरुवातीचे काही दिवस तो जास्त चढाचढ करेल. घाबरून पुन्हा छोट्या पिंजऱ्यात टाकू नका. काहींची चावायची सवय मोठ्या घरातही हळूहळूच जाते, विशेषतः वर्षभर छोट्या पिंजऱ्यात काढलेल्यांची.

रोज रात्री थोडा वेळ बाहेर फिरवायचं असेल तर कोरड्या बाथरूममध्ये, नहाणीच्या जाळीवर वजन ठेवून, कमोडचं झाकण लावून फिरवा. सगळ्या घरात मोकळा सोडू नका. बॉक्स बेड आणि किचन ओट्याखालची पाइपची भोकं त्याला फार आवडतात. ती भोकं भांडी घासायच्या तारेच्या घासणीने बुजवा.

पळालाच तर

पहिलं काम: घराचं मुख्य दार, बाल्कनी आणि खोल्यांची दारं बंद करून दारांखालच्या फटीत टॉवेल कोंबा. सोफा, रिक्लायनर, वॉशिंग मशीन कोणी ओढू नका, आणि बघितल्याशिवाय त्यावर बसूही नका. कुत्रा-मांजर एका खोलीत ठेवा. उंदरांसाठी लावलेले चिकट पुठ्ठे आणि औषधाच्या वड्या लगेच उचला. मुंग्या मारायचा खडू ओढलेली जागा पुसून घ्या.

दुसरं: सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाका आणि वॉचमन, सफाईवाल्या ताई यांना प्रत्यक्ष सांगा. हे फार महत्त्वाचं आहे. जिन्यात किंवा शेजारच्या घरात तो दिसला तर लोक त्याला उंदीर समजून झाडू घेऊन धावतात. ‘मारू नका, टोपलीखाली झाका आणि फोन करा’ एवढं मराठी-हिंदीत लिहा.

दिवसा शोधताना उबदार, अंधाऱ्या, अरुंद जागा आधी घ्या: फ्रिजमागे कॉम्प्रेसरजवळ, बॉक्स बेडच्या आत, चपलांच्या कपाटात, पडद्यांच्या तळाशी, सिलिंडरच्या ट्रॉलीमागे. कोपरखैरण्याला माझ्या भाचीची चिंगी पळाली तेव्हा सगळे बेडरूम उचकटत होते. तिचा पत्ता मात्र स्वयंपाकघरात लागला. ओट्याखाली तांदळाच्या डब्यामागे ज्वारीचे दाणे नीट रचून ठेवलेले होते. साठवण सापडली की प्राणी फार लांब नसतो, आणि त्या रात्री ती तिथेच परत आली.

सापडला नाही तर रात्रीची तयारी करा. प्रत्येक खोलीच्या उंबऱ्याशी तांदळाच्या पिठीची पातळ रेघ ओढा, सकाळी पावलं दिसतील. रांगोळी वापरू नका, ती दगडाची भुकटी असते. दर खोलीत मोजून चार दाणे ठेवा. कुठले गेले त्यावरून खोली कळते. त्या खोलीत बाथरूमची बादली ठेवा, तळाशी टॉवेलाची जाड घडी, त्यावर काकडी, शेंगदाण्याचा तुकडा आणि त्याच्या घरट्यातला मूठभर भुसा. बाहेरून पुस्तकांचा जिना करून बादलीच्या काठापर्यंत आणा. तो वास घेत वर चढतो, आत उतरतो आणि गुळगुळीत भिंतीवरून वर येऊ शकत नाही. शेजारी त्याची टाकी किंवा पिंजरा आडवा, दार उघडं ठेवून, चाकासकट ठेवा. पुष्कळ हॅमस्टर मध्यरात्री आपल्या चाकावर परत येतात. मग अंधारात गप्प बसा आणि ऐका. फॉइलचा चुरगळा जमिनीवर पसरला असेल तर त्यावरून चालतानाचा आवाज स्पष्ट येतो.

दिसला की झडप घालू नका. टिश्यूची नळी किंवा कॉफीचा मग त्याच्या पुढे आडवा धरा, तो बहुतेकदा आपणहून आत शिरतो. चावला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा.

चिकट पुठ्ठ्यावर अडकलेला असेल तर ओढू नका. खायचं तेल थेंबाथेंबाने पायांभोवती सोडत मोकळा करा, नाक-तोंडाला तेल लागू देऊ नका, आणि डॉक्टरांकडे न्या. उंदराचं औषध खाल्ल्याची शंका असेल तर तो ठीक दिसतोय म्हणून थांबू नका. काही औषधांनी रक्त गोठायचं थांबतं आणि त्याचा परिणाम काही दिवसांनी दिसतो. पाकीट सोबत न्या. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर हॅमस्टर बघतात असं नाही, म्हणून निघण्याआधी फोनवर विचारा. जवळ कोणी नसेल तर परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय मुंबईतलं जुनं प्राण्यांचं रुग्णालय आहे. तिथेही आधी फोन करा, आणि नेताना हवेशीर डब्यात त्याचाच भुसा आणि काकडीची चकती घाला.

घरी आणल्यावर पाणी समोर ठेवा, एक दिवस हाताळू नका. तो झोपला की पिंजऱ्याभोवती टॉर्च फिरवा आणि तो कुठून निघाला ते शोधून काढा. ती फट बुजवेपर्यंत त्याला दुसऱ्या, झाकण घट्ट लागणाऱ्या हवेशीर डब्यात ठेवा, कारण आज रात्री तो सर्वांत आधी तिथेच जाऊन बघणार आहे.